घराण्यात कोणी नाही

आमच्या घराण्यात कोणाला कधी काहीच झालेलं नाही. हे मला गेल्या महिन्यात कळलं, तेही लेखी.

माझी नात माया नऊ वर्षांची. वर्गात ती आधी बाकावर असते, मग बाकाखाली, मग खिडकीत. शाळेनं चिठ्ठी पाठवली: वीस तारखेच्या आत डॉक्टरचा दाखला आणा, पेपरला जास्त वेळ देऊ, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरी शाळा बघा. डॉक्टरीणबाईंनी तिला दोनदा पाहिलं. एडीएचडी असावं, म्हणाल्या. लक्ष टिकत नाही, अंग थांबत नाही. हे पुष्कळदा घरातूनच येतं. एका जनुकाचं काम नाही, अनेकांचा थोडा थोडा हात असतो, आणि दोष कोणाचाच नसतो. म्हणून दोन्हीकडे असं कोण आहे ते लिहून आणा. त्यांनी फॉर्म दिला.

दोन्हीकडे म्हटल्यावर बैठक आलीच. खापरखेड्याहून व्याही मारोतराव कडक इस्त्रीत आले. सक्करदऱ्याच्या आमच्या घरी तर्रीपोहे झाले. माझा मुलगा रविंद्र पेन घेऊन बसला, सून भावना त्याच्यावर नजर ठेवून बसली, आणि तिघांनी मिळून तो फॉर्म सोयरीक जुळवायच्या कागदासारखा भरला. आईकडून: मोठे मामा रेल्वेत, मावशी एमएस्सी, कोणाला व्यसन नाही. वडिलांकडून: काका बँकेत, स्वतःचं घर, रंग गव्हाळ. रंग कोणी विचारला नव्हता. भावनाचा भाऊ पियुष, ज्यानं चार वर्षांत सहा नोकऱ्या सोडल्या, त्याच्यापुढे 'दांडगा अनुभव' असं आलं. आजाराच्या रकान्यात दोन्हीकडे 'निरंक'. मारोतरावांनी खाली सहीसुद्धा केली.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म शेवटपर्यंत वाचला आणि स्थळ चांगलं असल्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, घरात खरंच कोणी नसेल तर मला आधी दुसरी कारणं शोधावी लागतील. दोन महिने लागतील. त्या दिवशी तेरा तारीख होती. रविंद्रनं मोबाइलला दोष दिला. भावनानं शाळेला दिला. घराणं मात्र दोघांनी सांभाळलं.

माया तोवर वजनकाट्यावर चढून उतरून पुन्हा चढली होती. तिथूनच तिनं मला विचारलं, "आजी, मीच एकटी अशी काहून आहो वं?"

मी बाईंना पेन मागितलं.

मी काय लिहिणार ते रविंद्रला कळलं. तो हळूच म्हणाला, "आई, तुही शाळा गरिबीनं सुटली होती ना?"

दर चौदा एप्रिलला तो आमच्या वस्तीत माझ्यावर भाषण करतो. परिस्थितीनं शाळा हिरावली, माउलीनं अठ्ठावन्नाव्या वर्षी विहारातल्या वर्गात अक्षरं गिरवली. बायका डोळे पुसतात. मीही पुसायची, भाषण चांगलं असतं. गरिबी होतीच, पण माझ्या दोन्ही बहिणी त्याच गरिबीत सातवी झाल्या. माझी शाळा दुसरीतच सुटली, कारण मी बसत नव्हते. गुरुजींनी मला दोरीनं खांबाला बांधलं, त्यानंतर मी गेलेच नाही. विहारातल्या बाईंनी मला उभ्यानं, फिरत फिरत शिकू दिलं, म्हणून अक्षरं आली.

हे सगळं मी सांगितलं आणि 'निरंक'वर काट मारून लिहिलं: बायजाबाई, वडिलांची आई, लहानपणापासून. वेळ लागला. कोणी घाई केली नाही. भावनानं मग माझ्या हातातून पेन घेतलं, पियुषचा अनुभव खोडला आणि नोकऱ्या मोजून लिहिल्या. रविंद्र पंख्याकडे बघत होता.

एवढ्यावरच दाखला होत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण आता चाचण्या आणि शाळेचा अहवाल आठवड्यात उरकू. अठराला दाखला मिळाला. पुढच्या एप्रिलच्या भाषणाचं काय करायचं, ते रविंद्रनं अजून ठरवलेलं नाही.

त्या तेरा तारखेला परतताना ऑटोत माया पहिल्यांदाच माझ्याजवळ गप्प बसली होती. सक्करदरा आल्यावर तिनं विचारलं, "खांबापासून सुटली कशी तू?"

"दातानं," मी म्हटलं.