थांबा नसलेली चिंच

टण टण! घंटी वाजली, दुधनीची एसटी सुटली आणि मागून ओरडा आला, "अवो, थांबवा की! मी अजून खालीच हाय!"

कंडक्टर शिवानी रस्त्यावर आणि घंटीची दोरी आमच्या ह्यांच्या हातात! एका म्हातारीला उतरवायला ती खाली गेली होती. म्हातारी उतरली, तशी ह्यांनी सवयीनं दोरी ओढली. बत्तीस वर्षं ह्याच रस्त्यावर कंडक्टर होते ना! रिटायर होऊन दोनच महिने झालेत. सगळी गाडी खो खो हसली, हे मात्र शरमेनं चूर.

मला हसूही येत होतं आणि रागही. आमच्या लेकीनं, धनलक्ष्मीनं, आईबापांना चार दिवस आवडेल तिथं फिरायचा पास हौसेनं काढून दिला होता. सकाळी सोलापूरच्या स्टँडवर हे तासभर पाट्या वाचत उभे. तुळजापूर नको, बार्शी नको. जन्मभर लोकांना "कुठं जायचं?" विचारलं, आता स्वतःला विचारायचं म्हटलं तर घाम फुटला. शेवटी बसले कशात, तर दुधनीच्याच गाडीत! ह्यांना मोकळं फिरणं आता जमायचंच नाही की काय, ह्या विचारानं माझा जीव तुटत होता.

धापा टाकत शिवानी वर आली. "मल्लप्पाअण्णा, माझी नोकरी घालवताव काय! बरं, उतरणार कुटं?"

मीच म्हटलं, "अक्कलकोटच्या पुढं माळावर एक चिंच हाय बग. एकदा तिच्या सावलीत बसायचंय, म्हणून बत्तीस वर्षं माझं डोकं खाल्लंय ह्यांनी."

"तितं थांबा न्हाय," हे लगेच म्हणाले. "नियम हाय."

"मग नियमाला घेऊन जावा दुधनीला. मी उतरते."

चिंच दिसली. शिवानीनं दोरीकडं बोट केलं. "वढा अण्णा. आज माझी परवानगी हाय."

ह्यांनी दोरी ओढली. थांबायची एकच घंटी वाजली. टण.

चिंचेखाली कडक भाकरी आणि शेंगाचटणीची शिदोरी सोडली. हे सारखं घड्याळ बघत होते. "अडीचची परतीची गाडी येईल आता," म्हणेपर्यंत ती आलीच. आम्हाला बघून हळू झाली. हे ताडकन उठून रस्त्याकडं निघाले, तशी मी भाकरी परत बांधायला घेतली.

कडेला जाऊन ह्यांनी चटणीचा हात वर केला आणि ओरडले, "जावा, जावा! आमी न्हाय येत!"

गाडी गेली. धूळ बसेपर्यंत हे तिच्याकडं बघत राहिले. मग परत आले, चपला काढल्या आणि बुंध्याला टेकून पाय लांब केले.

"नागव्वा, पुढची सव्वाचारला हाय," म्हणाले, "ती बी जाऊ दे."