भिंतीवरची एसटी

आमच्या लोक-कलादालनात दुपारी दोन ते चार कुणालाही प्रवेश नाही. हा नियम मीच लिहिला आणि मंडळाच्या सभेत त्याचं कारण 'साफसफाई' असं ठोकून दिलं. खरं म्हणजे त्या दोन तासांत मी दार आतून लावून घेते आणि उत्तरेच्या भिंतीसमोर स्टूल टाकून बसते. अध्यक्षबाई घोरतात, असं शिरपुरात बोललं जातं. बोलोत बापडे. मी घोरत नाही, एवढंच सांगते.

दालन म्हणजे बंद पडलेल्या कापसाच्या जिनातली सरकीची कोठी. तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली आणि पोरांनी काढलेल्या सफरचंदांनी माझं डोकं पिकलं. शिरपुरात तेव्हा सफरचंद पाहिलं होतं कुणी? आपल्या माणसांनी जे पाहिलंय ते एका जागी मांडायचं, म्हणून आम्ही सात जणांनी मंडळ काढलं. गोधड्या आल्या, सुतारांनी कोरलेल्या चौकटी आल्या, हिलाल फोटोवाल्याने आठवडे बाजाराचे फोटो दिले. भाईदास आमचे चिटणीस. कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, नियमावाचून त्यांना घास गिळत नाही. 'संग्रहातली कोणतीही वस्तू सर्वांच्या संमतीवाचून हलवू, बदलू वा पुसू नये,' हे नववं कलम मात्र माझं. सातांतल्या एकाचा जरी हात खाली राहिला, तरी वस्तू जागची हलणार नाही. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

उत्तरेच्या भिंतीसाठी दगडीबाईला आणलं ते आमच्या ह्यांनी. तोताराम कंडक्टर म्हटलं की शिरपूरपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत सगळे ओळखत. दगडीबाई वरच्या पाड्यावरची. डिंक, मोहाची फुलं घेऊन त्यांच्याच गाडीने बाजाराला यायची. तिच्या घराच्या भिंती ह्यांनी पाहिल्या होत्या. गेल्या साली दिवाळीच्या तोंडावर ती आली, कोठीची भिंत शेणमातीने लिपली आणि तीन दिवस गेरू, पांढरी माती आणि काजळीने काढत बसली. झाडं, घोडे, हातात हात घालून नाचणाऱ्या बाया, दोन सूर्य. दोन का, विचारलं तर म्हणाली, एक येणारा, एक जाणारा.

तिसऱ्या दिवशी खाली उजवीकडे हातभर जागा उरली. ती ह्यांना म्हणाली, "कंडक्टर भाऊ, हाई जागा तुमनी. काढा काही बी."

ह्यांनी जन्मात तिकिटाच्या चिमट्याशिवाय काही हातात धरलं नव्हतं. धोतर सावरून खाली बसले आणि तासाभरात एसटी काढली. गाडी एका अंगाला कललेली. चाकं तीन. खिडक्यांतून माणसांची डोकी भोपळ्यांसारखी बाहेर आलेली. दारात पिशवी लटकवून स्वतः उभे.

"ड्रायव्हर कुठंय?" मी विचारलं.

"चहा पेवाले गया," ते म्हणाले.

सगळे पोट धरून हसले. मी चित्रकलेची बाई ना! तोंडावर सांगितलं, दहापैकी चार.

श्रावणात एका सकाळी ते गेले. दाढी अर्धी झाली होती. आरशापुढे पाणी तसंच वाफाळत होतं. लोक आले, रडले, मला रड म्हणाले. मला रडू आलं नाही. तेराव्यानंतर मी दालन उघडलं आणि दुपारचा नियम केला.

तर आता दुपारचं सांगते. पत्र्याच्या फटींतून ऊन येतं. कोठीत इतक्या वर्षांनीही कापसाचा तंतू उडतो, तो उन्हात आला की दिसतो, बाहेर गेला की नाहीसा होतो. जरा वेळाने नाचणाऱ्या बाया थांबून बाजूला होतात आणि त्यांच्यामधून रस्ता निघतो. मग गाडी हलते. तीन चाकांवर हलतडुलत, ड्रायव्हरवाचून. मी पदर खोचून पळत सुटते, दारातले हे मला हात देऊन वर ओढून घेतात. "मांगे सरका, मांगे सरका," म्हणतात. मागे सरकायला जागा नसते, तरी सगळे सरकतात. माझ्या अंगाला डिंकाचा, ओल्या घोंगडीचा वास लागतो. घोडे खिडकीशेजारून चालतात. कधी डावीकडचा सूर्य आधी मावळतो, कधी उजवीकडचा, आणि त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नाही. मी विचारते, "घरी कधी येणार?" तेवढ्यात कुणीतरी दोराने घंटी वाजवतं, मला नीट ऐकू येत नाही, आणि चार वाजलेले असतात.

रोज हेच. रोज मी विचारायचे आणि रोज उत्तर घंटीत जायचं. पण गाडी तर होती ना भिंतीवर! आज नाही तर उद्या ऐकू येईल, एवढ्यावर माझे दिवस चालले होते.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी चारला मी दार उघडलं, तर पायरीवर दगडीबाई. डोक्यावर मातीची पाटी, काखेत गेरूचं बोचकं. कुणी बोलावलं नव्हतं. भाईदास तिच्या मागूनच आले. ती सरळ भिंतीकडे गेली, आम्ही बांधलेली दोरी पाहिली, 'हात लावू नये' हा फलक पाहिला. वाचता येत नव्हतं, पण तिला कळलं बहुतेक.

"हाई अजून तसंच का बरं शे?" तिने विचारलं. "आठे लिपाले कोणी उरनं नही का?"

भाईदास दोन्ही हात पसरून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. "बाई, हे कायमचं आहे! नोंदवहीत कायम म्हणून लिहिलंय."

"मी काढेल भिंत मना जिम्मानी शे," दगडीबाई म्हणाली. "दर दिवाईले लिपसू, नवं काढसू. जुनं तसंच ठेवं, ते त्या घरमा कोणी जितं नही असं समजतस. तठे कोणी पाणी पेवाले बी थांबत नही."

आम्ही कुणी तिला हे विचारलंच नव्हतं. शिकली-सवरलेली सात माणसं, नऊ कलमं लिहिली, पण जिने चित्र काढलं तिला ते किती दिवस ठेवायचं हे विचारायचं आमच्या डोक्यात आलं नाही. आम्ही वर्षभर तिच्या हिशेबाने मेलेलं घर दिवा लावून लोकांना दाखवत होतो.

भाईदासांनी तासाभरात सगळ्यांना गोळा केलं. दगडीबाई पाटीशेजारी बसून राहिली. ठराव साधा होता, भिंत लिपू द्यायची की नाही. चर्चा झाली. कुणी फोटो काढून ठेवू म्हणालं, हिलालने तिथल्या तिथे चार काढले. मग एकेक हात वर गेला. सहा झाले. खुद्द भाईदासांचाही गेला, कधी नव्हे ते.

"अक्का, तुमचा?"

माझे हात मांडीवर होते. वर होईनात. "नववं कलम," मी म्हणाले. "माझी संमती नाही."

सगळ्यांच्या नजरा एसटीकडे गेल्या. कारण सगळ्यांना माहीत होतं, आणि ते माहीत असल्याचाच मला संताप आला. माझं म्हणून एवढंच उरलं होतं, हातभर गेरू. तेवढं राखलं तर कुणाचं काय बिघडणार होतं?

"ठेवा मग," दगडीबाई उठली. पाटी उचलता उचलता इकडे तिकडे पाहून म्हणाली, "कंडक्टर भाऊ कथा शेत?"

तिला कुणी कळवलंच नव्हतं. "गेले," मी म्हणाले. "श्रावणात."

ती पाटी ठेवून पुन्हा बसली, माझ्याजवळ. तिने एसटीकडे बोट केलं.

"मना माणूसनी बी एक साल बैल काढेल व्हता," ती म्हणाली. "तो गया. त्याच दिवाईले मी लिपं. आते त्यावर अकरा थर व्हयनात. भिंत इतली जाड व्हयनी का थंडीमा बी ऊन र्‍हास. तिले पाठ लाईसन मी रोज बसस. तो घरमा शे, अक्का. तुम्ही भाऊले भिंतना बाहेर उभा करी ठेवेल शे. जनमभर ते उभाच र्‍हायना ना?"

अठ्ठावीस वर्षं गाडीत उभ्याने नोकरी. रात्री घरी आले की पाय सुजलेले असायचे, मी गरम पाण्याची बादली द्यायचे. आणि मेल्यावरही मी रोज दुपारी दोन तास त्यांना दारात उभं करून घरी कधी येणार म्हणून विचारत होते. मला माझीच लाज वाटली.

मी हात वर केला. भाईदासांनी लिहून घेतलं. त्यांची लेखणी दोनदा अडली.

दगडीबाईने शेणमाती कालवली, पाण्याचा हात मारला आणि पहिला गोळा माझ्या हातात दिला. मी वरून सुरुवात करणार होते. तिने माझं मनगट धरून खाली नेलं. ओली माती गार होती. आधी चाकं गेली, मग भोपळ्यांसारखी डोकी, एकेक खिडकी. दारापाशी हात थांबला. सहा माणसं मागे उभी होती, पण मी कुणाची भीड ठेवली नाही.

"बसा हो आता," मी म्हणाले आणि हात फिरवला.

मग मी रडले. श्रावणापासूनचं सगळं रडले, मोठ्याने, हाताला माती तशीच ठेवून. कुणी गप्प हो म्हणालं नाही. दगडीबाईने मला रडू दिलं, आणि जरा वेळाने पाटी माझ्याकडे सरकवली. अजून सगळी भिंत लिपायची होती.