दोन घरं खाली

बायडाबाईंनी जाण्याआधी सुनेकडे एकच गोष्ट मागितली होती. "अंजना, माज्या तेराव्याला तूच गायचं. अन् काळी चारातच गायचं."

काळी चार म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. निरगुडसरच्या भजनात अंजना पंचवीस वर्षं त्याच पट्टीत गात आली होती, आणि सासू शेजारी टाळ धरून बसायची. पण गेल्या दिवाळीपासून अंजनाला वरचा सूर लागेनासा झाला होता. सासूला ते ठाऊक नव्हतं. तेव्हापासूनच्या तिच्या आजारपणात घरात गाणं झालंच नव्हतं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी देवळात तालमीला तिचा आवाज दोनदा फाटला. कुशाबा पेटीवाल्याने भाता थांबवला.

"वैनी, हिकडं बघा."

त्याने मंडळाच्या नव्या पेटीची वरची फळी काढली आणि भाता हलवत एक पट्टी दाबली. पट्टीमागची झडप उचलली गेली, वाट मिळताच हवा सुटली, खालची पितळी जीभ थरथरली आणि सूर वाजला. बोट काढताच स्प्रिंगने झडप बसली.

"ह्या समद्या पट्ट्या एकदम सरकत्यात. मधली पांढरी धरून दोन घरं डावीकडं घेतल्या, की बोट काळी चारवर, अन् वाजती काळी तीन. बिनघोर गा. कुणाला कळायचं न्हाई."

"आत्याबाईंना कळंल."

"त्या कुटं हायेत आता, वैनी?"



तेराव्याला मांडव भरला. कुशाबाने पट्ट्या सरकवल्या, तेव्हा तिने मान फिरवली. पहिली ओळ सहज निघाली. दादाभाऊने पखवाजावर थाप मारली मात्र, आणि हात आखडला.

"पखवाज चढलाय का पेटी उतरलीय? सकाळीच काळी चारला मिळवलाय राव म्या!"

"हवा दमट हाय," कुशाबा पुटपुटला.

"हवेनं दोन घरं उतरती व्हय? नवी म्हणून भंगारातली आणलीस का काय?"

मागे कुणीतरी हसलं. कुशाबाने मान खाली घातली. "चूक माजीच हाय, भाऊ."

"त्यांची न्हाई," अंजना म्हणाली. "माजा आवाज उतरलाय. भावजी, पट्ट्या जाग्यावर घ्या अन् बोट काळी तीनवर ठिवा. दादाभाऊ, पखवाज उतरव."

दादाभाऊ हातोडीने पखवाजाचे लाकडी गठ्ठे ठोकत राहिला. ठोका, थाप, पुन्हा ठोका. बायकांचे टाळ मांडीवर पडून होते. अंजना हार घातलेल्या फोटोकडे बघत बसली. मागितलेलं देता आलं नव्हतं, आणि ते आता फोटोसमोरच सांगून झालं होतं.

पखवाज मिळाला. कुशाबाने काळी तीन धरली. अंजनाने तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून उचलली. वरच्या जागेवर आवाज थोडा हलला, पण टिकला. दुसऱ्या ओळीला बायकांनी टाळ उचलले.