गाठ कुठवर पोचली

दक्षिण कोरियातल्या तोंगयोंगच्या आमच्या रुग्णालयात सर्जन थाक हान-ग्यू यांनी मा प्योंग-सिक या कालवं पिकवणाऱ्या माणसाचं उजवं मूत्रपिंड काढलं आणि बाहेर येऊन त्याच्या बायकोला सांगून टाकलं, "वहिनी, सहा सेंटिमीटरची गाठ, सगळी निघाली. पहिली स्टेज. निर्धास्त राहा."

मग ते मूत्रपिंड माझ्याकडे आलं. मी सोक मी-रान, इथली पॅथॉलॉजिस्ट. कापल्यावर गाठ पिवळीधमक दिसली. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाण्यासारख्या नितळ. कॅन्सरचा हा नेहमी आढळणारा प्रकार. केंद्रकातले ठिपके मोठं भिंग लावल्यावरच दिसत होते, म्हणजे ग्रेड दोन. इथवर ठीक होतं. पण मूत्रपिंडातून शिरा बाहेर पडतात तिथली चरबी मला खटकली. तिथले आणखी काप घेतले. गाठीच्या पेशी चरबीत शिरल्या होत्या.

मी फोन लावला. "सर, स्टेज तीन आहे."

"काहीतरीच. सात सेंटिमीटरच्या आतली गाठ म्हणजे पहिलीच स्टेज, ग्रेडही दोनच."

"ग्रेडवरून पेशी किती बिथरल्यात ते कळतं. गाठ कुठवर पोचली ते स्टेज सांगते. खाली या, दाखवते."

ते आले, भिंगाला डोळा लावून एकेक काप पाहिला. मग म्हणाले, "वहिनींना शब्द देऊन बसलोय. आता तूही चल."

दोघांनी वॉर्डात जाऊन सांगितलं. ऐकून मा काका हसले. "पहिलीतून थेट तिसरीत? शाळेत असं कुणी ढकललं नाही मला."

"थट्टा पुरे," बायको म्हणाली. "म्हणजे डॉक्टर, तुम्ही चुकलात?"

"घाई केली, वहिनी."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "पोरी, तू सांग."

"गाठ पूर्ण निघालीय, काकू. पेशीही फार आक्रमक नाहीत. पण तिनं मूत्रपिंडाचा उंबरठा ओलांडला होता, म्हणून तपासण्या जास्त वेळा. छातीच्यासुद्धा."

पुढच्या हिवाळ्यात, ऐन हंगामात, काका तपासणी टाळायला लागले. काकूंनी कालवांच्या तराफ्यावरून उठवून आणलं. फुफ्फुसात वाटाण्याएवढा ठिपका निघाला. लहान होता, एकटा होता, काढता आला. तोही माझ्याच टेबलावर आला: पेशी त्याच, कडा स्वच्छ, म्हणजे पुरता निघालेला. त्यानंतरच्या सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्या.

परवा काका धक्क्यावर भेटले. कालवं फोडता फोडता म्हणाले, "यंदा माल भरलेला आहे. थांब, घेऊन जा."