पाचव्या चाकाची हवा

मी एक स्टेपनी बोलतेय. हसू नका. जीपच्या मागच्या दारावर टांगलेलं पाचवं चाक, तीच मी. आमच्यावर बोलायची वेळ सहसा येत नाही. आम्ही गप्प आहोत म्हणजे गाडीचं सगळं नीट चाललंय, असं समजायचं. पण माझ्याकडून एक चूक झाली आहे आणि ती कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यात आम्ही पाच जणी एकाच दिवशी साच्यातून निघालो. चौघींच्या वाट्याला रस्ता आला, माझ्या वाट्याला दार. त्या झिजल्या, चिखलात माखल्या, उन्हात पोळल्या. मी मात्र कोरी करकरीत राहिले आणि त्याचा मला गर्व होता. खोटं कशाला सांगू?

आमची जीप नंदुरबारच्या हबीबची. आठवडाभर तो तळोदा-धडगावच्या फेऱ्या मारतो आणि रविवारी एक दिवसाची सहल नेतो. "नंदुरबार म्हंजे आपली राजधानी," असं तो डोंगरातल्या प्रवाशांना ऐटीत सांगायचा. कलेक्टर इथे, कोर्ट इथे, मग राजधानीतून सहल नको का निघायला? आणि सहल जायची तीही एका जुन्या राजधानीलाच, सुलतानांच्या मांडूला. पहाटे निघायचं, शहादा, खेतिया, सेंधवा मागे टाकत दुपारच्या आत पोचायचं, महाल बघायचे आणि परत फिरायचं.

माझं तोंड कायम मागे. त्यामुळे मला माणसं दिसतात ती गाडीतून उतरून दोन पावलं गेलेली. काय एकेक तऱ्हा! इतिहास ऐकताना जांभया देणारे भजीचा वास आला की टक्क जागे होतात. महालात तासभर फिरतात आणि परतीच्या वाटेवर पायऱ्या किती होत्या यावर भांडतात.

हबीबच्या आईचं नाव अख्तरबानो. ती घरी शिलाई मशीन चालवते. हिंदी आणि अहिराणी तिच्या बोलण्यात एकाच वाक्यात नांदतात. माझ्यासाठी तिनं काळ्या रेक्झिनचं कव्हर शिवलं, कडेला दुहेरी शिवण घातली. मग हबीबनं तळोद्याच्या ईश्वर पेंटरला त्यावर मांडूचा जहाज महाल काढायला सांगितला. फोटोही पाठवला.

ईश्वरला तो फोटो काही पटला नाही. "हाऊ जहाज कसा? वर पडदा नई, काईच नई," म्हणाला. आणि पठ्ठ्यानं आपल्या मनानं महालाच्या गच्चीवर वाऱ्यानं फुगलेलं भलंमोठं शीड काढून दिलं! शीड हा शब्दही आमच्या भागात कोणाच्या तोंडी नाही. सगळे त्याला पडदाच म्हणायचे. मांडूला पोचल्यावर प्रवासी हबीबला हमखास छेडायचे, "हबीबभाऊ, पडदा कोठे शे?" खऱ्या महालावर तसलं काही नाही, हे एकदा जाऊन आलेल्या प्रत्येकाला ठाऊक.

तरीही चित्र झकास होतं. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायचे. कव्हर सुरकुतेल, रंग उडेल, म्हणून हबीब ते कधी काढायचा नाही. निघण्याआधी चारही चाकांची हवा बघायचा आणि मला वरूनच एक बुक्की मारायचा. रेक्झिन ताणलेलं असल्यामुळे आवाज भरीव यायचा. हबीबचं समाधान व्हायचं.

आत माझी हवा भरायची पिन गळत होती. अगदी बारीक सूं सूं करत हवा जायची. महिनोन्‌महिने मी रिकामी होत गेले आणि वर चित्र मिरवत राहिले. मला कोणी विचारलं नाही, ही माझी पहिली सबब. मला बोलता येत नव्हतं, ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्ही माझ्या उपयोगाच्या नाहीत.

अख्तरबानो रोज संध्याकाळी ओट्यावर बसून त्या चित्राकडे बघायची. शेकडो लोकांना मुलानं मांडू दाखवलं, हिला नाही. रविवारी एक सीट रिकामी असेल तर शपथ. "अम्मी, पुढला रविवारले पक्कं," असं हबीब म्हणायचा आणि ती मान डोलवायची. हट्ट तिनं कधी केला नाही. गेल्या वर्षापासून तिचे गुडघे धरायला लागले, तेव्हा मात्र हबीबला घाई झाली. आता नाही नेलं तर ती महालाच्या पायऱ्या चढू शकणार नाही. म्हणून मागच्या महिन्यात त्यानं एक बुधवार मोकळा काढला. फक्त अम्मीसाठी.

पण मोकळा कसला? सकाळी शहाद्याचं एक भाडं आलं आणि त्याला नाही म्हणवलं नाही. अम्मी हिरवी साडी नेसून, डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसून राहिली. निघायला दहा वाजले.

खेतिया सोडलं आणि थोड्या अंतरावर मागचं डावं चाक फाटलं. हबीबला काळजी नव्हती. कव्हर काढलं, मला उतरवलं, आणि मी जमिनीवर टेकताच लोळागोळा झाले. त्यानं मला दाबलं, पुन्हा दाबलं. माझ्यावर ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मग एका टेम्पोतून तो मला मागच्या गावी घेऊन गेला. तिथे वीज गेलेली, हवेचं मशीन बंद. वीज आल्यावर नवी पिन बसली, हवा भरली. परत येईपर्यंत अम्मी रस्त्याकडेच्या निंबाखाली डबा न उघडता बसली होती. उन्हं पार कलली होती.

"परत फिरूत का, अम्मी?" हबीबनं विचारलं.

"आते इतलं उनूत तं जाऊत," ती म्हणाली. इतकं आलोय, तर परत कशाला फिरायचं?

आता मी चौथं चाक होऊन पळत होते. इतकं जीव तोडून मी आयुष्यात काही केलेलं नाही. तरी आम्ही पोचलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं. हबीब रखवालदाराला शोधायला गेला. अम्मी एकटीच गुडघ्यांवर हात ठेवत फाटकापाशी गेली आणि गजांतून आत बघत उभी राहिली. मी जमिनीवर होते, मला सगळं दिसत होतं. आत झाडं होती आणि झाडांमागे अंधार. दुसरं काहीही नव्हतं.

हबीब हात हलवत परत आला. त्याला तोंड वर करवेना.

"दिसना ना मले महाल," अम्मी म्हणाली. "गजामाईन चांगला दिसना. भलता बेस शे. चाल आते."

गजांतून महाल दिसला, फार छान आहे, या तिच्या बोलण्यावर हबीबनं विश्वास ठेवला. ठेवायचाच होता त्याला.

दोन दिवसांनी तो अंगणात गाडी धूत होता. शेजारच्या फुलवंताबाई ओट्यावर येऊन बसल्या आणि त्यांनी विचारलं, "कसा व्हता वं महाल?"

"काय सांगू बैन," अम्मी रंगात येऊन म्हणाली, "दोन्ही बाजूले पानी, आनि वर इतला मोठा पडदा. वारामा असा फुगस!"

हबीबच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. तो माझ्याकडे वळला. मी पुन्हा दारावर आले होते, अंगावर तेच चित्र, त्यावर तोच पडदा. त्यानं कव्हर काढलं, घडी करून घरात नेलं आणि मशीनवर ठेवलं. त्या दिवशी तो जेवला नाही.

आता करायचं काय? पुन्हा नेतो म्हणावं, तर तू महाल पाहिला नाहीस हे तिच्या तोंडावर म्हणण्यासारखं. मुलाला वाईट वाटू नये म्हणून ती खोटं बोलली होती आणि शेजारणीसमोर तेच खरं करून बसली होती. चूक माझी आणि झाकायची वेळ त्या म्हातारीवर आली. नवी पिन पक्की असूनही मला आतून पोकळ वाटायचं.

मग काल संध्याकाळी हबीब ओट्यावर तिच्याजवळ जाऊन बसला.

"अम्मी," तो म्हणाला, "त्या महालवरना पडदा उतारी टाका म्हनतस. आते बिगर पडदाना कसा दिसस, देखी येऊत का?"

कधी नव्हताच तो पडदा उतरवला म्हणे! अम्मीनं त्याच्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग पदरानं नाक पुसलं.

"उतारी टाका का?" ती म्हणाली. "मंग तं देखनंच पडी. पन भाडं नको घेऊ. आनि पहिले त्या पाचवा चाकनी हवा देख."

आज बुधवार आहे. अजून उजाडायचं आहे, गाडी दारात उभी आहे. माझ्या अंगावर कव्हर नाही. हबीबनं दोनदा हवा तपासली. मी पिनेकडे कान लावून आहे, अजून तरी सूं ऐकू आलेलं नाही. तुमच्या गाडीवरही माझी एखादी बहीण चित्र मिरवत असेल, तर तिचं कव्हर काढून बघा. ती आपणहून सांगायची नाही.

आता अम्मी आली. हिरवी साडी, हातात डबा. ती पुढे जाऊन बसेल असं मला वाटलं, पण ती आधी मागे आली आणि मळलेलं पीठ दाबून बघावं तसं तिनं अंगठ्यानं मला दाबलं. मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून ताठ राहिले.

"बेस शे," ती म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.