गंध लावलेली डिस्क

मी मुळातच तापट बाई. आमचे हे म्हणतात, गिऱ्हाइकाशी तरी जरा गोड बोलत जा. पण डिस्कच्या चमकत्या बाजूला कुणी ओलं गंध लावून आणली, तर गोड कसं बोलायचं ते ह्यांनीच एकदा करून दाखवावं.

२००७ सालचा पितृपंधरवडा होता. महाडात एसटी डेपोच्या मागे आमचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. शूटिंग ह्यांचं, कॉम्प्युटरवरचं काम माझं. साठीची एक बाई पायरीशी येऊन उभी राहिली. नाव गोदूबाई. पोलादपूरच्या वर डोंगरात, गाडीरस्ता संपला की पुढे तासभर चढ, तिथे त्यांची वाडी. त्यांनी फडकं सोडलं नि डिस्क माझ्यासमोर धरली.

"ह्याच्यात आमचे हे हायत, गो बाय. दुसरी काढून दे. ही आता मराया लागलीय."

त्यांचे यजमान नाथूबुवा मुंबईत गोदामावर कामाला होते आणि वाडीच्या मंडळात जाखडी गायचे. दोन मंडळं समोरासमोर, एकानं गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं सोडवायचं. अशाच एका सामन्याची मुंबईच्या एका कंपनीनं डिस्क काढली, आणि त्याच वर्षी नाथूबुवा गेले. दम्यानं. घरात त्यांचा फोटो होता, पण फोटो गातो कुठे? मंडळातल्या बाकीच्यांच्या डिस्क कुठे फुटल्या, कुठे हरवल्या; आता बुवांचा आवाज जगात ह्या एकाच डिस्कवर उरला होता, तोही जेमतेम दोन मिनिटं.

म्हाळाच्या, म्हणजे श्राद्धाच्या दिवशी पान वाढलं की आधी डिस्कला गंध लावायचं, मग ती लावून बुवांचं गाणं ऐकायचं, आणि मगच कावळ्याला घास ठेवायचा, असा गोदूबाईंचा रिवाज. यंदा म्हाळ चार दिवसांवर होता. आज त्यांनी आधीच गंध लावून आणलं होतं, कारण डिस्क वाडीबाहेर पहिल्यांदाच निघत होती.

"अहो मावशी, पण ह्या बाजूला? हीच तर वाचायची बाजू! वर चित्र छापलंय ना, त्याला लावायचं!"

"चित्रात धा मानसं हायत," गोदूबाई शांतपणे म्हणाल्या. "नऊ जित्ती हायत. जित्त्या मानसांना म्हाळाचं गंध लावू व्हय गो?"

कपाळ माझं! मी डिस्क पाण्यानं धुतली. दोन वर्षं पदरानं पुसून पुसून तिच्यावर नुसत्या रेघा उठल्या होत्या.

कॉम्प्युटरनं बरीच घरघर केली आणि थोडीशी नक्कल दिली. ती लावली, तर पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन. माणूस कुठेच नाही. मला वाटलंच होतं. "कुलूप आहे हिला," मी म्हणाले.

गोदूबाईंनी डिस्क उलटसुलट करून पाहिली. "खंय?"

मग सांगत बसले. कंपनी चित्र सरळ भरत नाही, सगळं उलटंपालटं करून भरते. ते सरळ करायची किल्ली डिस्कवरच असते, पण मधल्या भोकाजवळच्या एका कड्यात. डिस्क लावून बघायच्या मशीनला ती किल्ली वाचता येते. आपण बाजारातून कोरी डिस्क आणतो ना, तिचं ते कडं बनवतानाच बुजवून टाकलेलं असतं. तिथे काही लिहिताच येत नाही. नक्कल केली तर सगळं येतं, किल्ली मागे राहते.

"म्हंजे पेटी उचलून आनली नि चावी जुन्या घरात."

"अगदी तस्संच. कुलूप फोडणारेही असतात म्हणा. पण त्यांना डिस्क तरी धड वाचता यायला हवी. ही तुम्ही पार घासून ठेवलीत!"

कंपनीला फोन लावला. नंबर अस्तित्वात नाही. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. माणूस गोदूबाईंचा, गाणं त्या माणसाचं, आणि कुलूप लावून किल्लीवाला गायब! गोदूबाई म्हणाल्या की वाडीत पुतण्याच्या, किशोरच्या, जुन्या मशीनवर डिस्क अजून लागते. नवी मशीन मिजासखोर असतात, जुनी सोसून घेतात. तिथे डिस्क लागली की टेपवर उतरवून घेऊ, म्हणून मी आमच्या ह्यांचा कॅमेरा आणि माळ्यावरचा व्हीसीआर बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी किशोर गाडीरस्त्यापर्यंत घ्यायला आला, त्यानं व्हीसीआर डोक्यावर घेतला नि आम्ही चढायला लागलो. अर्ध्या वाटेत धुकं आलं. पुढे किशोरची नुसती पावलं दिसत होती, वरचा किशोर नाहीच. गुरांच्या घंटा कधी उजवीकडून वाजत, कधी पायाखालून. कुणीतरी "कोन हाय रं?" म्हणून हाक मारली, किशोरनं ओ दिली, पण ते माणूस काही शेवटपर्यंत दिसलं नाही. मी एरवी चढाला शिव्या देणारी, त्या दिवशी किशोरच्या पावलांवर डोळे ठेवून चालले. आपण झोपेत तर नाही ना, असं दोनदा वाटून गेलं.

वाडीत पोचलो तर धुकं घरातच शिरलेलं. किशोरच्या पडवीत ते जमिनीलगत सरकत होतं, टीव्हीच्या काचेवर दव धरलं होतं. गोदूबाईंनी ते हातानं पुसलं आणि पाटावर बसल्या.

आधी व्हीसीआर जोडला. डिस्क दोनदा अडली, मग लागली. टीव्हीवर चित्र छान दिसत होतं. पण रेकॉर्ड झालेलं लावून पाहिलं, तर मंडळ उजळायचं, मग हळूहळू काळोखात बुडायचं, परत उजळायचं. हे दुसरं कुलूप. चित्रांच्या मधे काही काळ्या रेघा असतात, पडद्यावर न दिसणाऱ्या. त्यांत ही मंडळी खोटा उजेड भरून ठेवतात. टीव्ही त्याला भीक घालत नाही, पण रेकॉर्ड करणारं मशीन फसतं. फार उजेड झाला असं समजून चित्र अंधारवतं, मग पुन्हा वाढवतं.

नाथूबुवा अंधारातून वर येत होते. पांढरा फेटा, डफावर बोटं. पुरते दिसतात न दिसतात तोच परत बुडत होते. गोदूबाई एकटक बघत होत्या.

"सपनात असेच येतात," त्या म्हणाल्या. "तोंड नीट बगीन म्हनलं की जातात."

मी म्हणाले, "मावशी, शेवटचा उपाय. टीव्हीसमोर सरळ कॅमेरा लावते. डोळ्याला दिसतं ते कुलपाच्या बापालाही अडवता येत नाही. पण आवाज कॅमेऱ्याच्या माइकमधून जाणार. कुणी हूं की चूं करायचं नाही. खोकायचं नाही, रडायचं नाही. कळलं?"

"कल्ला," गोदूबाई म्हणाल्या आणि पदर तोंडात धरला. किशोरनं कोंबड्या हाकलून दार लावलं. मी बटण दाबलं.

बुवा उभे राहिले. डफ वाजला आणि आवाज आला, खरखरीत, उंच, डोंगरापलीकडे हाक घालणाऱ्या माणसाचा. मी पण विसरले कुठे आहे ते. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्यात कोडं घालताना त्यांना दम लागला. ओळ मधेच तुटली, छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली, तरी ते पुढे रेटतच होते.

"थांबा वाईच," गोदूबाई मोठ्यानं म्हणाल्या. "दम घ्या. कोन मागं लागलंय?"

बोंबला! मी डोक्याला हात लावला. दोन मिनिटांचं गाणं, तेही नीट होऊ दिलं नाही. टीव्हीवर बुवांनी न थांबता, धापा टाकतच कोडं संपवलं आणि चित्र थिजलं. "मावशी, काय सांगितलं होतं मी? काय सांगितलं होतं? आता परत लावावं लागणार!"

किशोरनं डिस्क परत लावली. मशीन घरघरलं, थांबलं. काढून पुसली, पुन्हा लावली. पडद्यावर अक्षरं आली: डिस्क नाही. पाच वेळा लावली, पाचही वेळा तेच. हातात डिस्क, आणि मशीन म्हणतंय डिस्क नाही.

गोदूबाईंचा चेहरा बघवत नव्हता. "माज्या तोंडानं घात केला," त्या म्हणाल्या, आणि मला माझ्याच जिभेची लाज वाटली.

"अहो, आहे ना गाणं," मी म्हणाले. "तुमचा आवाज तेवढा मधे आलाय. बघू, काढता येतो का." मी कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि टेप मागे नेऊन लावली.

इवलेसे नाथूबुवा तळहाताएवढ्या पडद्यावर गायला लागले. तिसरं कडवं आलं. ओळ तुटली, छाती वरखाली व्हायला लागली. तेवढ्यात पलीकडून बाईचा आवाज आला: थांबा वाईच. दम घ्या.

आणि बुवा थांबले. डफावरचा हात खाली घेतला, मान वळवली, एक लांब श्वास घेतला, फेट्याच्या शेवानं तोंड पुसलं. मग सावकाश, अजिबात घाई न करता, कोडं पुरं केलं.

गोदूबाईंनी माझं मनगट धरलं.

"डागतरकडं जा म्हनलं, गेले नाय," त्या म्हणाल्या. "काम सोडून घरला या म्हनलं, आले नाय. चाळीस वर्सं सांगत हुते गो मी." त्या पडद्याकडे बघतच होत्या. "आज ऐकलानी माजं."