काळकाईचा तिसरा कौल

चवदार तळ्यापासून दोन गल्ल्या सोडल्या की अनुपमाताई वकिलांचं ऑफिस लागतं. तिथल्या बाकावर कुशाबा लेकीला घेऊन बसला होता, आणि खरं सांगायचं तर त्याला उठून पळून जावंसं वाटत होतं. कुडपणच्या डोंगरावर साठ वर्षं काढलेला माणूस, वाघरू समोर आलं तरी जागचा न हलणारा. पण आज त्याची नजर सारखी दाराकडे जात होती.

लेक राजनंदिनी पोलादपुरात प्राथमिक शाळेवर शिक्षिका. दहा महिन्यांपूर्वी कशेडी घाटात ती गाडी चालवत होती, कुशाबा शेजारी बसला होता. पुढच्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला, हिनंही मारला, तरी गाडी जाऊन टेकलीच. वेग तो काय, बैलगाडीचा! पण स्टेअरिंगमधला एअरबॅगचा फुगा धाडकन फुटला आणि आतून कढत धूर आला. पोरीची दोन्ही मनगटं, हनुवटी, गळा सगळं भाजून निघालं. कुशाबाच्या बाजूचा फुगा उघडलाच नाही, त्याला साधं खरचटलंसुद्धा नाही.

आता तिच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नव्हती. खडू डाव्या हातात आला होता. पण त्याहून जास्त जाळत होतं ते लोकांचं बोलणं. "पोरीच्या हातात गाडी कशाला द्यायची?" असं ज्याला त्याला म्हणायचं होतं. लेकाचे, स्वतः सायकलवरून पडणारेसुद्धा म्हणत होते! चूक आपली नव्हती, यंत्राची होती, हे कुणीतरी कागदावर लिहून द्यावं एवढंच राजनंदिनीला हवं होतं.

अनुपमाताईंनी दवाखान्याचे कागद वाचले, तिचे हात उलटसुलट करून पाहिले.

"हे बघ, ट्रकवाल्याची चूक असती तर मोटार अपघात न्यायाधिकरणात गेलो असतो. पण मागून तुमची गाडी लागली, तेव्हा तो रस्ता अवघड. दुसरा रस्ता ग्राहक आयोगाचा. वस्तूतच दोष असेल आणि त्यानं माणसाला इजा झाली, तर बनवणाऱ्या कंपनीला जाब विचारता येतो. मुदत दोन वर्षांची, म्हणजे वेळ आहे अजून."

राजनंदिनीचा चेहरा उजळला. किती महिन्यांनी!

"पण कंपनी गप्प बसायची नाही," ताई पुढे म्हणाल्या. "ते म्हणतील, फुगा उघडला की थोडा चटका बसतोच. म्हणतील, पोरगी स्टेअरिंगला चिकटून बसली होती. त्यांचं तोंड बंद करायचं तर तज्ज्ञानं तो फुगा आणि त्यामागची गॅसची डबी तपासायला हवी. गाडी कुठे आहे?"

कुशाबानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"गाडी नाय," राजनंदिनीच म्हणाली. "मी दवाखान्यात होते तेव्हाच बाबांनी भंगारात दिली. भंगारवाल्यानं चार दिवसांत कापली."

"विम्याचा माणूस पाहून गेला होता? फोटो?"

"नाय."

ताईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, दिली कशाला? पुरावाच होता तो सगळा!"

"बाबांचा दोष नाय त्यात," राजनंदिनी घाईघाईनं म्हणाली. "आमच्याकडे काही अडलं की काळकाईला कौल लावतात. देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना कळ्या लावायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. बाबांनी विचारलं, गाडी दारातून काढू का, तर देवीनं हो म्हटलं. देवीच्या शब्दापुढे ते तरी काय करणार?"

पोरगी बापाची बाजू घेत होती. त्या भाजल्या हातांनी बापाला पाठीशी घालत होती! कुशाबाला ती कौलाची सकाळ जशीच्या तशी दिसली. अंगणात ती चेपल्या तोंडाची गाडी उभी. दार उघडलं की करपट वास यायचा. बायको राहीबाई तिच्याकडे बघून डोळ्यांना पदर लावायची. आणि फुगेवालीच गाडी घ्यायची हा हट्ट कुणाचा होता? कुशाबाचाच. पोरीच्या जिवाला जपायला म्हणून त्यानं घेतली होती ती. आता त्या गाडीकडे बघणं त्याला सोसवेना, म्हणून तो देवळात गेला होता.

"ताई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. "देवी नको म्हनाली होती."

राजनंदिनीनं मान वळवली.

"पयल्यांदा डावी कळी पडली. मी गोमाजी गुरवाला म्हनलो, नीट लागली नसंल, परत लाव. परत डावीच. गोमाजी म्हनला, कुशाबा, आता पुरे, देवी ठेव म्हनते. मी त्याच्यावरच खेकसलो. तिसऱ्यांदा लावायला लावली. तवा उजवी पडली. मी घरी येऊन सांगितलं, देवीनं हो म्हटलं. बाकीचं कुनाला नाय सांगितलं. मला ती गाडी दारात नको होती, बाय, दुसरं काय नाय."

अनुपमाताईंनी हळूच सांगितलं की दवाखान्याच्या कागदांवर तक्रार करता येईल, पण केस लंगडी असेल. गाडी कशी गेली ते कुशाबाला प्रतिज्ञापत्रावर खरंखरं लिहून द्यावं लागेल, आणि कंपनी नेमकं तेच धरून बसेल.

"लिहून देतो," कुशाबा म्हणाला. "सगळं लिवा. तीनदा विचारलं ते बी लिवा."

राजनंदिनी रडली नाही, ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं कुशाबाला वाटलं. तिनं टेबलावरचे कागद गोळा केले. दोन बोटं मिटत नव्हती, म्हणून एक कागद सारखा निसटत होता. तो उचलायला कुशाबा वाकला, तर तिनं तो आधीच डाव्या हातानं उचलला.

"मी दवाखान्यात शुद्धीवर होते, बाबा," ती म्हणाली. "देवीला तीनदा विचारलंत. मला एकदा तरी विचारायचं होतंत."